किशोरांच्या पदकतालिकेत नॉर्वे वर का नसतो?

युवा हिवाळी ऑलिम्पिक आजवर चार वेळा झाले. २०१२ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला, २०१६ मध्ये नॉर्वेतील लिलेहामरला, २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानला आणि २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील गांगवॉनला. साधारण पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींची ही स्पर्धा. चारही वेळा पदकतालिकेत पहिला क्रमांक वेगळ्या देशाचा होता: जर्मनी, अमेरिका, रशिया आणि इटली. या चौघांत नॉर्वे नाही, आणि हिवाळी खेळांकडे थोडेफार लक्ष असणाऱ्या कोणालाही हे खटकायला हवे. कारण मोठ्यांच्या ऑलिम्पिकमध्ये नॉर्वेने २०१८ साली प्योंगचांगला १४ सुवर्णांसह ३९ पदके मिळवली आणि २०२२ साली बीजिंगला १६ सुवर्णांसह ३७. दोन्ही वेळा पहिला क्रमांक. देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसे होती. मोठेपणी जगाला मागे टाकणारा हा देश सोळाव्या-सतराव्या वर्षी मात्र पहिला नसतो, अगदी स्वतःच्या अंगणात, लिलेहामरलाही नव्हता. तिथे अमेरिका आणि दक्षिण कोरियाने प्रत्येकी दहा सुवर्णे नेली आणि यजमान बरेच मागे राहिले. इतर यजमानांना घरच्या बर्फाचा फायदा झालेला दिसतो: इन्सब्रुकला ऑस्ट्रिया तिसरा, लोझानला स्वित्झर्लंड दुसरा, गांगवॉनला कोरिया तिसरा.

माझे म्हणणे असे की हा योगायोग नाही आणि नॉर्वेची चूकही नाही. किशोरांची पदकतालिका पुढच्या पिढीचे भविष्य सांगते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कोणत्या देशाने आपल्या मुलांना लवकर पुढे ढकलले, एवढेच ती बहुतेक वेळा सांगते. घाई करणारे देश आणि थांबू शकणारे देश अशी विभागणी केली, तर ही तालिका बरीच नीट वाचता येते.

पुरावा पाहू. इन्सब्रुकला जर्मनी आठ सुवर्णांसह पहिला आणि चीन सात सुवर्णांसह दुसरा होता. तिथे धावलेली, घसरलेली मुले सहा वर्षांनी, म्हणजे प्योंगचांगच्या वेळी, एकवीस ते चोविशीत होती. अनेक हिवाळी खेळांत हे उमेदीचे वय. प्योंगचांगला चीनला सुवर्ण मिळाले ते एकच, शॉर्ट ट्रॅक स्केटिंगमध्ये वू दाजिंगचे. कोरियाचेही तसेच. लिलेहामरला दहा सुवर्णे, त्यातली बहुतेक स्केटिंगची. त्या पिढीचे खेळाडू बीजिंगला त्याच एकवीस-चोवीसच्या वयात होते आणि कोरियाला तिथे सुवर्णे मिळाली दोन. जर्मनीची गोष्ट निराळी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. इन्सब्रुकला पहिला आलेला जर्मनी प्योंगचांगला १४ सुवर्णे घेऊन नॉर्वेच्या बरोबरीने उभा होता आणि केवळ रौप्यपदकांवर दुसरा ठरला. म्हणजे किशोरवयात जिंकणे हे मोठेपणी हरण्याचे कारण नव्हे. मधल्या वर्षांत त्या मुलांचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. जर्मनीकडे मी पुन्हा येतो.

आधी सोळाव्या वर्षाबद्दल. या वयात दोन मुलांमधला फरक पुष्कळदा कौशल्याचा नसतो, शरीर कोणाचे आधी भरले याचा असतो. इन्सब्रुक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पहिल्या युवा हिवाळी ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे जन्ममहिने तपासले, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची संख्या योगायोगाने असावी त्याहून स्पष्टपणे जास्त निघाली. निवड वयोगटाने होते, वयोगट कॅलेंडरच्या वर्षाने ठरतो, त्यामुळे जानेवारीतले मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षभर मोठे असूनही त्याच रांगेत उभे राहते. निवडणारा त्याला गुणवान समजतो, पुढचे शिबिर त्यालाच मिळते, चांगला प्रशिक्षकही त्याच्याच वाट्याला येतो. विशीत हा वर्षाचा फरक पुसला जातो, पण तोवर डिसेंबरातले मूल खेळ सोडून गेलेले असते. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये एकविसाव्या वर्षी प्योंगचांगला तीन सुवर्णे जिंकणारा नॉर्वेचा योहानेस क्लेबो ऑक्टोबरातला. त्याला घडवले त्याच्या आजोबांनी. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे, पण ज्या देशात अशा मुलाला कोणी तेराव्या वर्षी यादीतून खोडत नाही, तिथे असे क्लेबो अधिक सापडणार हे उघड आहे.

न खोडण्याची ही व्यवस्था नॉर्वेत नियमाने बांधलेली आहे. १९८७ पासून तिथल्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी नियम केले, २००७ मध्ये ते सुधारले, आणि ते सर्व खेळांच्या सर्व क्लबांना लागू आहेत. अकरा वर्षांचे होईपर्यंत मुलांच्या स्पर्धेचे निकाल, क्रमवारी, गुणतक्ते जाहीर करायचे नाहीत. तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. बक्षिसे द्यायची असतील तर बारा वर्षांपर्यंत सगळ्यांना द्यायची. रविवारी सकाळच्या अशा शर्यतीत आठ वर्षांची मुले पाठीवर नंबर लावून सुटतात, शेवटची रेषा ओलांडतात आणि प्रत्येकाला सारखेच बक्षीस मिळते. पहिली कोण आली हे मुलांना ठाऊक असते, पण भिंतीवर लागत नाही. आईवडिलांपैकी कोणी स्कीला मेण लावत असतो, कोणी टेबलामागे उभे राहून क्लबच्या फंडासाठी वाफल विकत असतो. हिवाळ्यात स्की आणि उन्हाळ्यात फुटबॉल हे तिथल्या मुलाचे सर्वसाधारण वेळापत्रक. एकाच खेळाला वाहून घेण्याचा प्रश्न येतो तो बऱ्याच उशिरा. वीस वर्षांखालच्या नॉर्डिक स्कीइंगच्या जागतिक स्पर्धांत नॉर्वे पहिल्या रांगेत दिसू लागतो आणि पंचविशीत तो इतरांच्या पुढे निघून जातो. अंतर वयासोबत वाढत जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नॉर्वे श्रीमंत आहे, तेलाचा पैसा आहे, दारात बर्फ आहे, त्याला थांबणे परवडते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. फिनलंडची लोकसंख्या जवळपास तेवढीच, बर्फ तेवढाच, शाळा आणि रस्ते त्याच तोडीचे. बीजिंगला फिनलंडची पदके आठ, त्यात सुवर्णे दोन. कॅनडा कितीतरी मोठा आणि श्रीमंत, बर्फाचा तर प्रश्नच नाही. त्याची सुवर्णे चार. दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. क्रॉस-कंट्री आणि बायथलॉन (स्कीइंग आणि नेमबाजी) या दोन खेळांतच पदकांची खैरात असते, नॉर्वे नेमका त्यांतच बलाढ्य, म्हणून आकडा फुगतो. बीजिंगला त्यांच्या ३७ पैकी १४ पदके एकट्या बायथलॉनची होती, तेव्हा आकडा फुगतो हे मान्य. मात्र हेच दोन खेळ युवा ऑलिम्पिकमध्येही आहेत, तिथेही त्यांत बरीच पदके असतात. मग ती खैरात किशोरवयात नॉर्वेला वर का नेत नाही? थोडे स्पष्टीकरण प्रवेशाच्या नियमात आहे: एका देशाला प्रत्येक प्रकारात मोजकीच मुले पाठवता येतात, त्यामुळे ज्याच्याकडे दहावा खेळाडूसुद्धा चांगला आहे त्याची खोली तिथे दिसतच नाही. पण मोठ्यांच्या ऑलिम्पिकमध्येही प्रवेशाला मर्यादा असतेच. त्यामुळे वाढत्या वयात कोण टिकले, हा मुद्दा उरतोच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. काही खेळ असे आहेत की ज्यांत उशीर केला तर गाडी सुटतेच. फिगर स्केटिंग, स्नोबोर्डवरच्या उड्या, फ्रीस्टाइल स्कीइंग. अमेरिकेच्या क्लोई किमने लिलेहामरला दोन सुवर्णे जिंकली आणि दोनच वर्षांनी, सतराव्या वर्षी, प्योंगचांगला मोठ्यांमधले सुवर्ण. आयलीन गू लोझानला दोन सुवर्णे आणि एक रौप्य घेऊन गेली. बीजिंगला तिने चीनसाठी नेमकी तेवढीच पदके मिळवली. स्लोव्हाकियाची पेत्रा व्ल्होवा इन्सब्रुकला स्कीइंगच्या स्लॅलममध्ये पहिली आली आणि दहा वर्षांनी बीजिंगला त्याच प्रकारात ऑलिम्पिक विजेती झाली. ही नावे कोणी नाकारू शकत नाही. पण क्लोई किमने बीजिंगच्या, मोठ्यांमधल्या दुसऱ्या सुवर्णाआधी प्रिन्स्टनला शिकायला जाऊन जवळपास दोन हंगाम खेळ बाजूला ठेवला होता, आणि व्ल्होवाला किशोर पदकापासून ऑलिम्पिक पदकापर्यंत दहा वर्षे लागली. दोघींनाही थांबायला जागा मिळाली.

ती जागा न मिळालेल्यांची यादी पाहायची तर रशियन फिगर स्केटिंगकडे वळावे लागते. मुलींच्या स्केटिंगमध्ये मागच्या दशकात चौपट फिरक्यांच्या उड्या आल्या. हवेत चार वेळा फिरायला शरीर हलके आणि अरुंद हवे. वयात येताना मुलीचे शरीर बदलते, तेव्हा तीच उडी जमेनाशी होते. म्हणून सगळा हिशेब त्याआधीच्या दोन-तीन वर्षांवर लावला गेला. युलिया लिप्नित्स्काया २०१४ साली सोची येथे पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्णाची मानकरी ठरली आणि एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झाली. आपल्याला अन्न टाळण्याचा मनोविकार जडला होता हे तिनेच सांगितले. अलिना झागितोवा पंधराव्या वर्षी ऑलिम्पिक विजेती झाली आणि सतरा वर्षांची असताना तिने स्पर्धा थांबवल्या. लिलेहामरच्या युवा ऑलिम्पिकची विजेती पोलिना त्सुर्स्काया मोठ्यांच्या ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलीच नाही. मग बीजिंगला पंधरा वर्षांच्या कामिला व्हालियेवाचे उत्तेजक प्रकरण सगळ्या जगाने पाहिले. मुलीला चार वर्षांची बंदी झाली. तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांना किती झाली, हा प्रश्न अजून अनेकांच्या मनात आहे. अपवाद आहेत. इन्सब्रुकची विजेती एलिझावेता तुक्तामिशेवा २०१५ मध्ये जगज्जेती झाली आणि पुढेही अनेक वर्षे बर्फावर होती. मात्र आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ साली मोठ्यांच्या स्पर्धेसाठीचे किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेले, ते हौसेने नव्हे. लवकर जिंकणे ही त्या खेळाची निसर्गदत्त गरज असती, तर संघटनेला नियम बदलून ती थांबवता आली नसती.

कोरियाच्या शॉर्ट ट्रॅकमध्ये किंमत वेगळ्या रीतीने मोजली गेली. इन्सब्रुकला ५०० आणि १००० मीटरची दोन्ही सुवर्णे जिंकणारी शिम सुक-ही पुढे सोचीलाही रिलेचे सुवर्ण जिंकली. २०१९ मध्ये तिने स्वतः पुढे येऊन सांगितले की तिचा प्रशिक्षक तिला अल्पवयापासून मारहाण आणि लैंगिक अत्याचार करत होता. न्यायालयाने त्या माणसाला दोषी ठरवले आणि शेवटी तेरा वर्षांची शिक्षा कायम झाली. हा गुन्हा एका माणसाचा होता हे खरे. पण सोळाव्या वर्षीच्या पदकावर प्रशिक्षकाची नोकरी, संघटनेचा निधी आणि मुलीची पुढची निवड या तिन्ही गोष्टी टांगलेल्या असतील, तर खोलीचे दार बंद झाल्यावर मुलीच्या बाजूने कोण बोलणार? किशोर पदकांना जेवढे वजन, तेवढी त्या खोलीतल्या मोठ्या माणसाची सत्ता.

आता जर्मनी. जर्मनीत अठराव्या वर्षी शाळा संपली की चांगल्या हिवाळी खेळाडूला सैन्यदलात, संघीय पोलिसांत किंवा सीमाशुल्क खात्यात क्रीडा तुकडीत घेतले जाते. पगार मिळतो, सरावाला वेळ मिळतो, खेळ सुटला तरी पुष्कळदा नोकरी हातात राहते. इटलीत काराबिनिएरी आहेत, वित्तीय पोलिसांचा फियाम्मे जाल्ले हा संघ आहे. गांगवॉनला अकरा सुवर्णे जिंकणाऱ्या इटालियन मुलांना पुढे अशी दारे उघडी आहेत. म्हणजे टिकवण्याचे दोन मार्ग दिसतात. नॉर्वे मुलांना अजिबात घाई करत नाही, म्हणून ती खेळात राहतात. जर्मनी आणि इटली लवकर निवडतात, पण अठरानंतर खाली जाळे धरतात. या दोहोंपैकी काहीच न करता फक्त किशोर पदके मोजणे हा तिसरा मार्ग, आणि जगातले बरेच देश त्यावर आहेत. नॉर्वेची व्यवस्थाही दुधाने धुतलेली नाही. स्कीच्या महागड्या साहित्यामुळे सामान्य घरातली मुले मागे पडतात अशी ओरड तिथेही आहे. पण ती ओरड मुलांच्या संख्येबद्दल आहे, पदकांबद्दल नाही.

आपण कोणत्या मार्गावर आहोत हे वेगळे सांगायला नको. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील, चौदाव्या वर्षीच राष्ट्रीय विजेतेपद, दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत. सवलत वाईट नाही, पण ती ज्या वयाला बांधली आहे ते वय पाहा. बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत स्पाइक्स आणि स्केट माळ्यावर जातात, कारण त्यांचे काम झालेले असते. वयाचे खोटे दाखले हा आपल्याकडचा जुना रोग याच मातीत वाढतो: चौदाव्या वर्षी जिंकण्यालाच एवढी किंमत असेल, तर सोळा वर्षांच्या मुलाला चौदाचा करण्याचा मोह पालकालाही होतो आणि शिक्षकालाही. २०२० पासून लेह आणि गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात आणि चाकांच्या स्केटवर तयार झालेली महाराष्ट्राची मुले तिथे बर्फावर पदके मिळवतात. कौतुक करावेच. पण २०२० ची ती मुले २०२५ ला कुठे आहेत, याचा साधा तक्ता राज्याच्या क्रीडा विभागाने दर वर्षी छापला, तर पदकांच्या जाहिरातीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. खेळाडूंसाठीच्या पाच टक्के नोकरी-आरक्षणाचा लाभ खेळत राहणाऱ्याला मिळतो की खेळून झालेल्याला, हेही त्यातून कळेल.

एवढे सगळे म्हटल्यावर कोणी विचारेल की मग किशोरांचे ऑलिम्पिक हवेच कशाला. हवे, आणि त्याचे कारण तालिकेच्या तळाशी सापडते. इन्सब्रुकला मोरोक्कोच्या अ‍ॅडम लामहामेदीने स्कीइंगच्या सुपर-जी शर्यतीत सुवर्ण जिंकले, तेव्हा आफ्रिकेतल्या कोणत्याही देशाला हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धेत मिळालेले ते पहिले सुवर्ण होते. तो मुलगा क्युबेकच्या बर्फात वाढलेला होता हे विसरू नये. गांगवॉनची गोष्ट त्यापुढची. तिथे मोनोबॉब म्हणजे एकट्याने चालवायच्या बॉबस्लेत ट्युनिशियाचा जोनाथन लौरिमी मुलांमध्ये आणि थायलंडची अग्नेसे काम्पेओल मुलींमध्ये रौप्यपदक जिंकली. दोन्ही देशांची हिवाळी ऑलिम्पिकमधली ही पहिली पदके. मोनोबॉबमध्ये खेळाडू उतारावर स्लेज धावत ढकलतो, उडी मारून आत बसतो आणि मग पुढची सगळी वळणे आतल्या दोऱ्यांनी हाकतो. मोठ्यांच्या बॉबस्लेत श्रीमंत देश स्लेजवर, तिच्या पट्ट्यांवर अमाप खर्च करतात. युवा ऑलिम्पिकमध्ये सर्वांना आंतरराष्ट्रीय संघटना सारख्याच स्लेज देते. उरतो तो पळण्याचा वेग आणि ट्रॅकवर घालवलेले तास. आणि ते तास या मुलांना मिळाले, कारण कोरियाने २०१८ च्या ऑलिम्पिकनंतर प्योंगचांगचा ट्रॅक कुलूपबंद न ठेवता बर्फ न पडणाऱ्या देशांतल्या मुलांना बोलावून तिथे शिकवले. ब्राझीलचा झिओन बेथोनिको त्याच गांगवॉनला स्नोबोर्ड क्रॉसमध्ये कांस्यपदक जिंकला. मोनोबॉबची ती पदके कोणत्याही देशाच्या घाईची नव्हती, कोणीतरी आपले मैदान दुसऱ्याला उघडून दिल्याची होती. पुढचे युवा हिवाळी ऑलिम्पिक २०२८ च्या जानेवारीत इटलीत, डोलोमिती आणि वाल्तेल्लीनाच्या परिसरात आहे. कोर्टिनाला बॉबस्लेचा नवा ट्रॅक बांधलेला आहे. इटली तिथे किती सुवर्णे जिंकते याहून, त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत त्या ट्रॅकवर ट्युनिस, बँकॉक किंवा लेहची किती मुले उतरवली जातात, हा आकडा मला पाहायचा आहे.